डोळे मिटून पाहिलेलं रान

बारामतीहून इंदापूरला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर कॉलेजातली एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते.

“आज काय शिकवलं गं?”

“हवामान बदल, तात्या. मॅडम म्हणल्या, डोळं मिटा आन् तीस वर्सांनंतरचं आपलं रान बघा.”

“कॉलेजात डोळं मिटाय लावत्यात व्हय? मग, दिसलं का?”

“दिसलं की. ऊस न्हवता कुठंच. ज्वारी हुती, भुईमूग हुता. पाखरं तर लई. आन् उन्हाळ्यातबी हिरीत पाणी चमकत हुतं.”

“माझा ऊस काढून टाकलास व्हय! आन् मी?”

“तुमी बांधावर हुरडा भाजत बसला हुता.”

“तवर म्हातारा झालो आसंन की.”

“न्हाय. आत्ता हाय तसंच हुता.”

“थांब, मलाबी बघू दे.”

“गच्च मिटा डोळं. दिसतंय का?”

“ऊसच दिसतुया. पार आभाळाला टेकलाय. वाराबी ग्वाड लागतुया.”

“आन् मी?”

“हुडकतुया, हुडकतुया.”

“तात्या, निमगाव आलं. उठा.”

“जरा थांब, पोरी. एवढ्या उसात तू कुठं दिसंना. हाका मारतोय तुला.”