आत ओढलेला होकार

स्वीडनच्या उत्तरेकडल्या त्या लहान दवाखान्यात एब्बा नंबर लागायची वाट बघत बसली होती. समोर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“एवाल्ड गेला म्हणे, गुनवोर.”

“मंत्री झाला तेव्हाच गेला होता तो आपल्यातून.”

“मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये गं.”

“का नको, सिग्ने? याच खोलीत उभा होता. आम्ही विचारलं, बाळंतपणाचा वॉर्ड राहणार ना? त्यानं आपल्यासारखा फुस्सकन श्वास आत ओढला.”

“म्हणजे हो म्हणाला की!”

“आपल्याकडे हो. राजधानीत जाऊन म्हणाला, मी कुठं शब्द दिला? नुसता श्वास घेतला.”

“आणि वॉर्ड बंद.”

“माझी सून शहराच्या वाटेवर, बर्फातच बाळंत झाली. बाळानं श्वासच घेतला नाही.”

“ठाऊक आहे गं.”

“तो गेल्यापासून नर्स सांगते, या खोलीत काही विचारलं की...”

“गप्प बस, बाई! भीती वाटते.”

“विचारूनच बघते. एवाल्ड, आहेस का रे इथं?”

एब्बाच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून फुस्सकन श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

“बघ,” गुनवोर म्हणाली, “अजूनही शब्द देत नाही मेला.”