धार काढणारी बोटं

काढा की फोटो, मॅडम, न्हाई कुठं म्हनलं मी — तिसऱ्यांदा निघतोय. तीन आठवड्यांमागं जनावरांचे डॉक्टर काढून गेले, मंगळवारी संगमनेरला दवाखान्यात त्या चष्मेवाल्यानं काढला, आन आज तुमी, आरोग्य खात्याच्या. माझ्या बोटांचे एवढे फोटो, लग्नात माझा एकबी नव्हता! बोटं बरी कशानं हुत्याल, ते मात्र कोन सांगंना. जनावरांचे डॉक्टर म्हनले, रतनबाई, म्हशीला देवी आल्यात, सडं धुवा, मलम लावा. आन माझ्या हाताचं? तर म्हनं, मानसाचं आमी बघत न्हाई. चष्मेवाला म्हनतो, भांड्याच्या साबनाची ॲलर्जी. आवो, साबनानं काखंत गाठ येती का? ताप येतो का? मी म्हनलं, सायेब, माझ्या म्हशीच्या सडांवर अस्सेच फोड हायेत, मधी खड्डा आन कडंनी लाल — तर हसला. जनावराचं मानसाला लागत न्हाई, म्हनला. मग हे काय, मेंदी काढलीय का मी?

दुसऱ्याच्या म्हशीची धार? न्हाई काढली. लिवा तसं, ‘न्हाई’. शेजारची रुपाली? तिची एकच तर म्हैस, ती काढती तिची — म्हंजे, माहेरी गेल्ती तवा चार दिस मी काढली. पन चिंधी बांधून काढली! चिंधी भिजती, व्हय, ते खरं हाय. मग काय करू, कास तटून म्हैस मरू देऊ? आक्का, तेवढं बघा, म्हनून इश्वासानं सांगून गेल्ती. ती आली, आन दुसऱ्याच दिवशी तिच्या पोरीनं तापल्या तव्याला हात लावला. ज्ञानेश्वरी — अडीच वर्सांची हाय. अशी किंचाळली! मी पळाले — कोनबी पळंल का न्हाई? वाटीतली साय घेतली आन लावली हाताला. चिंधी? चिंधी सोडली हुती. सायीत भरली असती ना.

भाजल्यालं सुकायचं सोडून आठ दिसांत फोडच फोड. आधी मनगट, मग कोपर, मग गाल. आता नगरला ॲडमिट केलीय. तिचा बाप गोरक्ष तिकडंच हाय, नागापूरला, कंपनीत. काल भेटायला गेले, तर माझ्या म्होरंच रुपालीवर वरडला — तुझं ध्यान कुठं हुतं, पोर तव्यापाशी गेलीच कशी, दवाखान्यात उशीर का केलास? रुपाली बिचारी मान खाली घालून उभी. सहा दिस झाले, डोळ्याला डोळा न्हाई तिच्या. आन मी काय केलं? केळी ठिवली आन आले निघून. हात पदराखाली. एसटीत मलाच माझी शिसारी आली.

तीन-चार आठवड्यांत खपली पडती म्हनता — पोरीचंबी तसंच? एक फोड डोळ्यापाशी हाय वो तिच्या. काय? तिथल्या डॉक्टरांना हे म्हशीचं हाय म्हनून कळाया पायजे? आजच? मग तुमी सगळे हुता कुठं इतके दिस! पहिल्या दिवशी एकानं तरी म्हनायचं, बाई, ह्या हातानं लेकराला शिवू नको — मी शिवले असते का? सांगा ना, शिवले असते का?

...जनावरांचे डॉक्टर म्हनले हुते. लेकरांपासनं जपा, म्हनले हुते. पोर किंचाळली आन मला कायबी आठवलं न्हाई.

खोडा ते ‘न्हाई’. लिवा — रुपालीच्या म्हशीची धार रतनबाईनं काढली, पोरीच्या भाजल्या हाताला साय रतनबाईनं लावली, उघड्या बोटांनी. लावा नगरला फोन, सांगा डॉक्टरांना... सांगितलं? समजलं त्यांना? बरं. आता रुपालीचा नंबर लावून द्या. न्हाई, तुमी नका सांगू. माझ्याकडं द्या.

हॅलो, रुपाली? मी आक्का. तू बस आधी कुठंतरी. गोरक्ष जवळ हाय का? त्यालाबी ऐकू दे. तुझं कायबी चुकल्यालं न्हाई, बाय —

मॅडम, तुमी भायेर जावा. जावा म्हनते ना.