कंपनीतून आली तशी

बायको : हे कोणी केलं?

नवरा : काय?

बायको : हँडल बघ कुठे आलंय. पार अंगावर. आणि क्लच-ब्रेकचे लीव्हर असे वर तोंड करून का बसलेत? ही माझी गाडी नाही.

नवरा : तुझीच आहे. वकिलासमोर तसंच ठरलंय. कंपनीतून आली तशी करून ठेवलीय. धुतली, ऑइल बदललं, चेन ताणली. चावी घे आणि ने.

बायको : इतकी वर्षं हँडल जिथे होतं तिथून का हलवलं?

नवरा : तिथे मी लावलं होतं, मीच मागे घेतलं. गाडी द्यायचं ठरलं होतं. माझा हातही गाठोड्यात बांधून द्यायचं ठरलं नव्हतं.

सासू : काल दिवसभर हेच चाललं होतं होय रे तुझं? आणि मला वाटलं, बायको निघाली तर तिची गाडी नीट करून देतोय. जेवायला हाका मारून घसा बसला माझा.

नवरा : आई, तू आत जा.

सासू : का म्हणून? गॅरेज माझ्या दारात आहे. भांडण बघायला तिकीट लागतं का?

बायको : परवा शर्यत आहे. माहीत आहे ना तुला?

नवरा : आहे. तुझ्या नव्या टीमला मिस्त्री नाही वाटतं?

बायको : तो थेट शर्यतीच्या सकाळी येणार. उद्या सराव आहे. अशा हँडलवर पहिल्याच उतारावर तोंडावर आपटेन मी.

नवरा : मग हळू चालव.

बायको : एवढा सूड?

नवरा : सूड कसला त्यात? घर सोडताना माणूस आपलं सामान नेतो. तू तुझे कपडे नेलेस. मी माझं काम काढून घेतलं.

सासू : कपडे तिचे होते रे.

बायको : जाऊ दे आई. अॅलन की दे मला.

नवरा : कशाला?

बायको : मीच लावते.

नवरा : तू? आजवर एक बोल्ट तरी फिरवलायस?

बायको : फिरवू दिलास कधी? नुसता हात लावला तरी म्हणायचास, तू चालव, बाकीचं माझ्यावर सोड. आणि मला त्याचं काय कौतुक! मैत्रिणींना सांगत सुटायचे, आमच्याकडे हा मला गाडीला बोटसुद्धा लावू देत नाही म्हणून.

सासू : दे तिला ती किल्ली. नाहीतर मी देते. ही का गं?

बायको : ती नाही आई, शेजारची. वाकडी आहे ना, ती. हां.

नवरा : चारही बोल्ट पूर्ण काढू नकोस. हँडल मांडीवर येईल.

बायको : मी विचारलं नाही.

नवरा : बरं. कर काय करायचं ते.

बायको : झालं ढिलं. आता पुढे ये आणि चाक धर.

नवरा : मी?

बायको : मग काय आई धरतील? मी फूटरेस्टवर उभी राहणार आहे. गुडघ्यांमध्ये धर चाक. मैदानावर नव्या पोरांना शिकवतोस ना? फूटरेस्टवर उभं राहा, गुडघे जरा वाकव, कोपरं बाहेर, डोळे मीट आणि हात पुढे सोड. हात जिथे पडतील तिथे हँडल आणायचं, हँडलपाशी हात न्यायचे नाहीत. कुंपणाला टेकून शंभरदा ऐकलंय मी.

नवरा : ते नवशिक्यांसाठी. तुला काय गरज त्याची?

बायको : धरतोस का?

नवरा : धरलं. फार हलू नकोस, उजव्या गुडघ्यात जोर नाही माझ्या.

(ती फूटरेस्टवर उभी राहते. डोळे मिटते. दोघांच्या मध्ये फक्त हँडल.)

बायको : सोडले हात. कुठे पडले?

सासू : सांग की रे. तोंड का शिवलंय?

नवरा : हँडल पुढे आहे. हाताच्या पुढे.

बायको : किती?

नवरा : असेल दोन बोटं.

बायको : हे कंपनीचं. आणि तू लावायचास ते?

नवरा : उतर तू. मी देतो लावून पहिल्यासारखं. मला पाठ आहे ते.

बायको : मी काय विचारलं?

नवरा : ते आणखी पुढे. बरंच. लीव्हरही आणखी खाली.

बायको : म्हणजे कंपनीने मला कधी बघितलंही नाही, तरी त्यांचं माझ्या हाताच्या जवळ. आणि एका घरात राहून तुझं लांब?

नवरा : हिशेब वेगळा असतो प्रत्येकाचा.

बायको : डोळे उघडतेय मी. ही रेघ कसली? हँडल आवळतात त्या क्लॅम्पच्या कडेला.

नवरा : खूण आहे. माप चुकू नये म्हणून पात्याने मारलेली.

बायको : माझं माप?

नवरा : गाडीचं.

बायको : गाडीला कुठे हात असतात? कधी मारलीस रेघ?

नवरा : आठवत नाही.

सासू : मला आठवतंय. तू शर्यतीत पडलास त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. इथेच. तू वर उभा होतास डोळे मिटून, आणि चाक मी धरलं होतं. मला ओरडत होतास, आई हलू नकोस, आई हलू नकोस.

बायको : म्हणजे तुझं माप आहे हे.

नवरा : त्या मापावर मी जिंकायचो.

बायको : तू माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेस!

नवरा : मग तूही जिंकलीसच ना? त्याच हँडलवर? मग चुकलं कुठे माझं?

बायको : मनगटांना पट्टे बांधून जिंकले. शर्यत झाली की पाण्याचा पेला धरवायचा नाही मला. ओले कपडे पिळता यायचे नाहीत म्हणून आई पिळायच्या. तू म्हणालास, बायकांची मनगटंच तशी. मी ते खरं धरून बसले. वजनं उचलली, दोरीला लटकले, काय काय नाही केलं. वाटायचं, माझ्यातच खोट आहे.

नवरा : मला वाटलं होतं, गुडघा बरा झाला की मी परत बसेन. म्हणून हलवलं नाही.

बायको : पहिलं वर्ष समजू शकते. त्यानंतर?

नवरा : त्यानंतर तू जिंकायला लागलीस.

सासू : आणि ह्याला ते बघवेना.

नवरा : आई!

सासू : आई काय आई? तूच म्हणाला होतास मला. ती लांबून येताना दिसली की वाटतं मीच येतोय. तसेच खांदे, तसाच वाकलेला. माझे डोळे भरून आले होते तेव्हा. मला मेलीला ते प्रेम वाटलं.

बायको : मलाही वाटायचं.

नवरा : खोटं नव्हतं ते.

बायको : नसेल. पण लांबून तुला तूच दिसत होतास. मी कुठे होते त्यात?

नवरा : उतर. खरंच उतर खाली. नव्याने लावून देतो, तुझ्या हाताला. क्लच एका बोटात येईल असा करतो. लीव्हरचे बोल्टसुद्धा फार आवळायचे नसतात. गाडी पडली तर लीव्हर फिरला पाहिजे, मोडता कामा नये. त्या टीमच्या माणसाला हे कळायचं नाही.

बायको : कळेल. सगळ्यांना कळतं ते.

नवरा : एकदा करू दे मला.

बायको : नको. तू चाक धर फक्त. काल हे हलवलं नसतंस ना, तर मी तसंच घेऊन गेले असते. नव्या मिस्त्रीला वर दम दिला असता, ह्याला हात लावायचा नाही म्हणून.

नवरा : मला कुठे माहीत होतं असं होईल.

बायको : तेच म्हणतेय. सरळ धर. आणखी जरा माझ्याकडे येऊ दे. लीव्हर थोडे वर. बस. बस, इथेच. अगं बाई.

सासू : काय झालं?

बायको : काही नाही. खांदे सुटले. मनगट बघा आई, सरळ आहे.

सासू : बघतेय गं.

बायको : असं असतं होय. मला वाटायचं सगळ्यांचंच दुखतं, फक्त कोणी बोलून दाखवत नाही.

नवरा : एवढं दुखत होतं तर सांगायचंस.

बायको : पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हँडल फार लांब वाटतंय म्हणाले. तू म्हणालास, होईल सवय.

नवरा : मग?

बायको : झाली ना.