काखेतले हात

“काकू, तुम्ही हात सारखे काखेत का धरता?”

‘विचारून दाखव’ अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि मी हल्ली कुणाला घाबरत नाही. ब्रागा शहरातल्या बसथांब्यावर इस्पितळाच्या गणवेशातल्या दोघी उभ्या होत्या, त्यांतली एक हात काखेत धरून.

“म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची असते, पोरी. गार हात लागला की दचकतात.”

“या देओलिंदाचा नोकरीचा करार शुक्रवारी संपतोय,” दुसरी म्हणाली, “आणि ही हात तापवतेय.”

“शुक्रवार यायचाय ना अजून, ग्रासा.”

“पुढे नाही ठेवलं तर?”

“तर नव्या बाईला सांगून जाईन, आमारो आजोबांचा डावा खांदा जपून उचल म्हणून.”

“आणि कायम केलं तर?”

“तर लोकरीचे हातमोजे घेईन गं.”

संध्याकाळी हात काखेतून न काढताच मी घरात जाहीर केलं, “आई, बाबा, उद्यापासून आजीला अंघोळ मी घालणार.”