बसलेला घसा

मावशी : सोड तो श्वास. पोट आत ओढून दीड तास नाटक करता येत नाही.

पिटुकली : होतोय गं फ्रॉक. लागला की नाही हुक?

मावशी : लागला. आता राक्षसाला दरडावून दाखव.

पिटुकली : “राक्षसा, आमच्या गावाचा सूर्य परत दे!”

मावशी : ऐकलंस? टर्रकन. काखेपासून कमरेपर्यंत.

पिटुकली : जुना झालाय, म्हणून. उसव आणि जरा सैल कर ना. अजून पहिली घंटासुद्धा झालेली नाही.

मावशी : उसवायला उरलंय काय त्यात? शिवणीच्या आत दोन बोटं कापड राखलं होतं, ते दोन वर्षांपूर्वीच काढलं. बगलेत तुकडे घातले. खाली झालर लावली, तिला पुन्हा झालर लावली. कंपनीचा कपडेपट सांभाळते मी, जादूचे प्रयोग करत नाही.

पिटुकली : मग टाचण्या लाव.

मावशी : आणि राक्षस खांद्यावर उचलेल तेव्हा?

पिटुकली : त्यालाही टोचतील. राक्षसच आहे तो.

मावशी : तो राक्षस तुझा बाप आहे आणि त्याच्या कमरेत परवाची उसण अजून तशीच आहे. सूर्य गिळणारा राक्षस भर प्रयोगात “आई गं!” म्हणून ओरडला. पोरं खुर्च्यांवरून पडली हसून.

पिटुकली : बाबांचा पाय घसरला होता. त्यांनीच सांगितलं.

मावशी : सांगितलं ना? झालं तर मग.

पिटुकली : झालं तर मग म्हणजे काय? मावशी, तू सकाळपासून अशी अर्धी अर्धी वाक्यं का बोलतेयस?

मावशी : तोंडात टाचण्या आहेत. नीट उभी राहा, भिंगरीसारखी फिरू नकोस.

पिटुकली : थांब, मीच शोधते पिवळा तुकडा. त्या ट्रंकेत असेल.

मावशी : त्यात नाही. त्यात राक्षसाच्या मिशा आहेत. अगं, ऐक...

पिटुकली : हा काय आहे?

मावशी : ठेव तो.

पिटुकली : माझाच फ्रॉक आहे हा. नवा. पण एवढासा? आणि ही चिठ्ठी. तुझं अक्षर आहे. छाती चोवीस. तारीख दोन महिन्यांपूर्वीची. मावशी, चोवीस कोणाची आहे इथे?

मावशी : धाकटीची.

पिटुकली : तिचे पुढचे दोन दात पडलेत. ती “राक्षसा” म्हणाली की शिट्टी वाजते.

मावशी : आवडेल प्रेक्षकांना.

पिटुकली : कानामागून आली आणि...

मावशी : पुढचं बोलू नकोस. सात वर्षांची आहे ती. बहीण आहे तुझी.

पिटुकली : कधीपासून करणार ती?

मावशी : आजपासून.

पिटुकली : आज? आणि मला कोण सांगणार होतं?

मावशी : बाबा. पण ते तासभर तोंडच रंगवतायत. दाढी दोनदा चिकटवली, दोनदा काढली. दाराशी आले, परत गेले.

पिटुकली : आणि तुझ्याकडे काय काम दिलंय?

मावशी : तुझ्या गळ्याला हा मफलर गुंडाळायचं.

पिटुकली : कशाला? मला काय झालंय?

मावशी : तुझा घसा बसलाय.

पिटुकली : माझा घसा ठणठणीत आहे!

मावशी : दिसतंय. हळू बोल. धाकटीला तसं सांगायचंय. नव्या पोराला आधी कळलं तर आठ दिवस अन्न गोड लागत नाही त्याला. रंगमंचावर गेलं की ततपप. आयत्या वेळी म्हटलं, ताईचा घसा बसला, आता तूच वाचव, तर घाबरायला वेळ मिळत नाही. पोर उभं राहतं. कंपनीची रीत आहे ती.

पिटुकली : रीत?

मावशी : मफलर घाल.

पिटुकली : रीत म्हणजे, आधीही केलंय तुम्ही हे. माझ्या आधी तुझी थोरली होती. तिचा घसा बसला होता म्हणून मी उभी राहिले. बसला होता ना?

मावशी : पाच वर्षं झाली त्याला.

पिटुकली : पाहुणे आले की बाबा तीच गोष्ट सांगतात. सात वर्षांची पोर, अर्ध्या तासात तयार झाली, बुडणारं नाटक वाचवलं. मावशी, माझ्याकडे बघ. बसला होता ना?

मावशी : त्या दिवशी परतताना ती सामानाच्या गाडीत मागे बसून गाणी म्हणत होती. सबंध रस्ताभर. मोठमोठ्याने. मुद्दाम.

पिटुकली : आणि माझा फ्रॉक?

मावशी : महिनाभर आधी शिवला. ती शाळेत गेली की मशीन काढायचं, ती यायच्या आत आवरायचं.

पिटुकली : स्वतःच्या मुलीपासून लपवून?

मावशी : तुझे बाबा म्हणाले, सांगू नका. मला तर सांगवतच नव्हतं. आयतंच झालं.

पिटुकली : म्हणून ती कधी आमचं नाटक बघायला येत नाही.

मावशी : दातांच्या डॉक्टरांकडे नोकरी आहे तिला. वेळ नसतो.

पिटुकली : रविवारीसुद्धा?

मावशी : ...हात खाली घे. टाचणी राहिलीय.

पिटुकली : मी सांगणार धाकटीला. सगळं.

मावशी : सांग. बाहेर चारशे पोरं बसलीत. ती नाही म्हणाली तर सूर्य आपल्या दिवेवाल्याकडून परत आणू.

पिटुकली : तुला गंमत वाटतेय?

मावशी : नाही गं. मला दुसरं काही सुचत नाही. त्या वेळीही सुचलं नव्हतं.

पिटुकली : आणि मी काय करायचं? उद्यापासून?

मावशी : विंगेतून वाक्यं पुरवायची. सगळ्यांची पाठ आहेत तुला. शिवाय जंगलातल्या प्रवेशात एक काम रिकामं आहे.

पिटुकली : कोणतं?

मावशी : झाडाचं.

पिटुकली : झाड!

मावशी : उंची लागते त्याला. श्श. दार वाजतंय. तीच असणार. मफलर घाल नाहीतर नको घालूस, मी काही बोलत नाही.

धाकटी : मावशी, बाबांनी पाठवलं. म्हणाले, पळत जा. ताई, तुझा घसा बसला?

पिटुकली : (घोगऱ्या आवाजात) हो. सकाळपासून. शब्दच फुटत नाहीये.

मावशी : मी... मी जरा राक्षसाची दाढी बघून येते. पोरी, तो फ्रॉक घाल.

धाकटी : ताई, पुरे आता. गेली ती.

पिटुकली : काय पुरे?

धाकटी : जिन्यापर्यंत ऐकू येत होतं तुझं. “झाड!” तर खालच्या चहावाल्यानेही ऐकलं असेल.

पिटुकली : तुला कधी कळलं?

धाकटी : मावशीने माप घेतलं तेव्हाच. म्हणाली, गणवेशाचं आहे. पण तिच्या चिठ्ठीला पिवळी चिंधी टाचलेली होती. गणवेश पिवळा कुठे असतो? मग मी रोज न्हाणीघरात नळ सोडून तुझी वाक्यं म्हणायला लागले.

पिटुकली : दोन महिने? आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?

धाकटी : तुला वाईट वाटलं असतं.

पिटुकली : आणि भीती? नाही वाटली?

धाकटी : वाटते ना. रोज. पण बाबांना सांगू नकोस हं. त्यांना वाटतं, मला काही माहीत नाही. आत्ता इतके खूश होऊन सांगत होते, तूच वाचव म्हणून. मीही “अय्या!” म्हटलं.

पिटुकली : नीट म्हटलंस का?

धाकटी : डोळे मोठे करून.

पिटुकली : ये इकडे. राक्षस उचलेल तेव्हा डाव्या खांद्यावर बस, त्याची कंबर उजवीकडे दुखते. आणि तिसऱ्या प्रवेशात समोरचा दिवा डोळ्यांवर येतो. काही दिसत नाही. तिथे थांबायचं नाही, बोलत राहायचं.

धाकटी : आणि विसरले तर?

पिटुकली : मी विंगेत आहे.

धाकटी : पण तुझा घसा बसलाय.

पिटुकली : तुझ्यापुरता नाही. चल, घंटा झाली. डोकं घाल.

धाकटी : ताई, हा मला किती वर्षं होईल?

पिटुकली : हात वर कर.