राक्षसाची बाजू

हसू नका, पण त्या कादंबरीनं मला खरोखर छळलं. नायिका एम.ए. झालेली, मागे चांगला प्राध्यापक लागलेला, आणि ही बाई शेवटी पंख असलेल्या राक्षसाशी लग्न करते! मी शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं, ‘राक्षसात असं काय आहे?’ दोन दिवसांनी पुस्तक धरमपेठेतल्या वाचनालयात परत केलं.

मग मलाच शंका आली. लेखिकेवर अन्याय तर नाही ना केला? आठवड्यानं पुन्हा तेच पुस्तक काढलं. माझ्या शेऱ्याखाली शाईनं उत्तर होतं, ‘तो तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेतो.’

मी भडकलो. ग्रंथपालबाईंना विचारलं, “माझ्यानंतर हे कोणी नेलं?”

“कोणीच नाही जी, सर. तुमच्या घरून आलं, अन् तुमच्याच घरी चाललं.”

तसाच तरातरा घरी आलो. “वाचनालयाच्या पुस्तकात शाईनं लिहितात का?”

“अहो, मी काय म्हणून राहिली होती,” बायको म्हणाली, “की त्या राक्षसाले...”

“आधी माझं ऐक!” मी ओरडलो.

तिनं शांतपणे पेनाचं टोपण काढलं आणि पुस्तकासाठी हात पुढे केला.