मेहबूब चाचांच्या डोक्यावरची मशीन

इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतला की शेजाऱ्यांना त्रास न्हाई, आवाज सगळा हेडफोनात, असं मला दुकानदारानं सांगितलेलं. पेडलचा धक्का स्लॅबमधून खाली जातो, हे मात्र सांगितलं न्हाई. मी लातुरातल्या भाड्याच्या खोलीत ड्रम मांडला आन दोन्ही पायांनी डबल पेडल मारायला बसलो. चौथ्या दिवशी घरमालक मेहबूब चाचा दारात. खाली त्यांचंच टेलरिंगचं दुकान.

"खोली खाली करा," म्हणाले. "लग्नसराईत माझ्याच डोक्यावर शिलाई मशीन चालवून राहिले?"

"चाचा, मशीन न्हाई, ड्रम हाय."

"चाळीस साल पायानं मशीन चालवली मी. मला पाय वळखू येत न्हाईत का? माझं कोणतं गिऱ्हाईक फोडलं, तेवढं सांगा."

मी त्यांना आत घेतलं. त्यांनी रबरी थाळ्या दाबून बघितल्या, सुई शोधली, वाकून कापडाच्या चिंध्याही शोधल्या. शेवटी मी त्यांना स्टुलावर बसवलं, हेडफोन लावला. चाचांचे पाय सुरू झाले, एकदम सरळ, एका लयीत. मला चार दिवसांत जे जमलं न्हाई ते!

पाच मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढला. माझ्याहून जास्त गोंधळलेले.

"मशीन झकास पळते," म्हणाले. "पण इतकी हाणली, एक टाका पडला न्हाई. राहा बिनधास्त. तुमच्याकडं गिऱ्हाईक येत नसतंय."

मी शुक्रिया म्हणालो. कशाबद्दल, ते अजून कळलं न्हाई.